एकाच मशीनमधून निघणारे दोन कागद

आज सकाळी दुकान उघडून अगरबत्ती लावतोय तोच जवळच्या एका क्लासचा शिपाई आला. हातात रविवारच्या टेस्टची यादी. "काका, ए-थ्रीवर मोठी करून द्या, कलर. खालची नावं लाल दिसली पाहिजेत, सरांनी सांगितलंय." दिली काढून. गिऱ्हाइकाचा कागद वाचून मग झेरॉक्स द्यायची म्हटलं तर नाशिकच्या कॉलेज रोडला धंदा करायलाच नको. पण नजर जातेच. लाल पट्ट्यात खालून चौथं नाव ओळखीचं निघालं आणि तेव्हापासून डोकं सटकलंय. पोस्ट लांब आहे. वेळ नसेल त्यांनी लाइक मारून पुढं जावं.

तो पोरगा सुरगाण्याकडचा. मागच्या गल्लीत कॉट बेसिसवर राहतो, नीटची तयारी करतो. मध्ये एकदा संध्याकाळी नोट्स घ्यायला आला तेव्हा माझी लेक काउंटरमागं दहावीचं विज्ञान घेऊन रडकुंडीला आलेली. भिंगांचं प्रकरण. कुठं अधिक, कुठं उणे. त्यानं वाया गेलेला एक कागद पालथा घातला, भिंग काढलं, दोन किरण काढले आणि म्हणाला, "चिन्हं पाठ नको करू. भिंगापासून कुणीकडं मोजतोय तेवढं बघ." पाच-सात मिनिटं. झेरॉक्सला थांबलेले दोघं तिघंही वाकून बघत होते. लेकीला त्या दिवसापासून भिंगांची भीती नाही. आणि हा पोरगा म्हणे 'कच्चा'.

आता दुसरा कागद. माझ्याकडं बी.एड., एम.एड., एम.ए. मानसशास्त्रवाल्यांचे प्रबंध बाइंडिंगला येतात. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. विषय बहुतेक ठरलेला : अमुक तालुक्यातील उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांच्या परीक्षाचिंतेचा शैक्षणिक संपादणुकीशी सहसंबंध. तालुका बदलतो. कधी निफाड, कधी येवला, कधी दिंडोरी. पानं लावता लावता मी वाचतो, त्यात 'संबंधित साहित्याचा आढावा' हे माझं आवडतं प्रकरण. मराठी जड असतं, पण माल भारी असतो.

तिथंच मला ते उंदीर भेटले. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकनांनी उंदरांना दोन खोक्यांतलं बरोबर खोकं ओळखायला शिकवलं. चुकला की विजेचा झटका. खोकी सहज ओळखू येत होती तेव्हा झटका वाढवला की उंदीर लवकर शिकायचे. ओळखणं अवघड केलं तेव्हा मात्र जोरदार झटक्यानं शिकणं उलट मंदावलं, हलक्या झटक्यावर बरं चाललं. म्हणजे थोडा ताण लागतो. मान्य. क्लासवाले सर पालकसभेत हेच वाक्य फेकतात आणि ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं सर सांगत नाहीत. काम जितकं अवघड, तितका ताण कमी सोसतो. आणि नीटचं फिजिक्स सोपं आहे असं म्हणणारा एकतरी माणूस मला आणून दाखवा.

माझ्या काउंटरवर त्या पोराला झटका नव्हता, म्हणून त्याला सगळं आठवलं. ताणात शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं आणि डोक्यात असलेलं ऐन वेळी बाहेर येत नाही, हेही त्याच प्रबंधांत लिहिलंय. आपल्या आयांना हे प्रबंधाशिवायच माहीत होतं, ती गोष्ट वेगळी.

टेस्ट बंद करा असं मी म्हणत नाहीये, कमेंटमध्ये तलवारी काढू नका. उलट टेस्टनं लक्षात राहतं. २००६ मध्ये रोएडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढं. आठवड्यानंतर विचारलं तर आठवून लिहिणारे पुढं. पण तिथं कुणी यादी लावली नव्हती हो! रविवारची टेस्ट ही पोराच्या हाती देण्यासारखी सगळ्यात चांगली वस्तू, आणि आपण ती भिंतीवर चिकटवून तिची वाट लावतो.

बरं, क्लासवाल्यांनाच का बोला. यादीचा फोटो अर्ध्या तासात पालकांच्या ग्रुपवर येतो आणि त्याखाली अंगठे कोण दाखवतं? आपणच. गंगापूर रोडच्या टू-बीएचकेतले, शिकलेले, सकाळी जॉगिंग ट्रॅकवर 'मुलांवर प्रेशर टाकू नये' म्हणणारे आपण.

आणि ज्यांचं पोरगं यादीत वर असतं ते म्हणतात, स्पर्धा आहे, बाहेरच्या जगात कोण गोंजारणार? स्पर्धा आहे, ठीक. पण २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला, ही सरकारी नोंद आहे. राज्यांत महाराष्ट्र पहिला. ही यादी मोठी करून कलरमध्ये लावायला माझ्याकडं अजून कुणी आलेलं नाही.

थांबतो जरा. चहा आलाय.

तर आज संध्याकाळी तो पोरगा दुकानात आला. नेहमीसारखाच, सूत्रांची पानं घेऊन. लेकीनं लगेच वही पुढं केली, "दादा, हे एक बघ ना." त्यानं वहीकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "मी सी बॅचला गेलो गं आता. ए बॅचच्या कुणालातरी विचार." रागानं नाही, अगदी साधं म्हणाला, एसटी चुकली असं सांगावं तसं. पैसे दिले, गेला. गणित त्याला येत होतं, मी पैजेवर सांगतो. लेक माझ्याकडं बघत राहिली. मी काय सांगणार तिला?

एका यादीत एवढी ताकद असते. आणि माझ्या दुकानातल्या सोनेरी अक्षरांच्या प्रबंधांत काय असतं? शेवटच्या प्रकरणात 'शिफारशी' असतात, त्या कॉलेजच्या कपाटात जातात. अख्ख्या महाराष्ट्राचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे. तिथून कॉलेज रोडला यायला कितीसा वेळ लागतो? माणसाला अर्धा-पाऊण तास. शिफारशी अजून यायच्या आहेत.

सुप्रीम कोर्ट मात्र बोललंय. जुलै २०२५ मध्ये, विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात. मार्कांवरून बॅचेस पाडू नका, चारचौघांत अपमान करू नका, शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथं एक तरी प्रशिक्षित समुपदेशक नेमा. बॅचेसच्या सूचनेत 'शक्यतो' आहे हे मला माहीत आहे, वकील मित्रांनी कृपया शिकवू नये. मी त्या यादीवाल्या क्लासच्या सरांना हे विचारलं होतं. हसले. म्हणाले, "काका, पालकच मागतात ए बॅच." खोटं बोलले नाहीत ते, हेच तर दुखतंय.

उद्या सकाळी त्या सूचनांच्या मराठीत टाइप केलेल्या दोन पानांचा गठ्ठा काउंटरवर ठेवतोय. खाली टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर टाकलाय, तो फोन फुकट लागतो, रात्री-बेरात्रीही. पानंही फुकट. फीचा पुढचा हप्ता भरायला जाल तेव्हा एक प्रत सरांच्या टेबलावर ठेवा आणि समुपदेशक कुठल्या खोलीत बसतात तेवढं विचारा. मला कमेंटमध्ये कळवा. गुरुवारी दुकान अर्धा दिवस असतं, त्याआधी या.