बॉनेटवरचा चक्रीय चौकोन

परवा मुलीचा दहावीचा भूमितीचा पेपर होता. ४० गुण, दोन तास. पेपर तिचा, नापास मी झालो. तेही सदाशिव पेठेतल्या एका गल्लीत, भर उन्हात, लोकांसमोर.

तिला आत सोडलं. आता कोथरूडला जाऊन परत यायचं म्हणजे सम-विषम तारखेचा हिशोब जमवून मिळालेली पार्किंगची जागा सोडायची. असला गाढवपणा मी करत नाही. गाडीला टेकून उभा राहिलो. तेवढ्यात एक काका आले. पंचाहत्तरीचे असतील. एका हातात स्कूटरची किल्ली, दुसऱ्या हातात घरून आणलेली घडीची खुर्ची, खांद्याला थर्मास. नातू आत होता. खुर्ची त्यांनी बरोबर माझ्या गाडीच्या सावलीत उघडली. सावलीचं भाडं कोण मागतंय, पण निदान विचारावं तरी!

"आज वर्तुळ येणार," ते म्हणाले. "मी घोटून घेतलंय. तुमच्याकडे कोण घेतं?"

"थोडंफार मीच बघतो." खरं म्हणजे क्लासचे हप्ते भरणं एवढाच माझा भूमितीशी संबंध.

"अरे वा! मग सांगा, चक्रीय चौकोनाचे, म्हणजे चारही कोपरे एकाच वर्तुळावर असलेल्या चौकोनाचे, संमुख कोन कसे असतात?"

गेल्या तीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. बँकेत नाही, लग्नात नाही, गृहकर्ज घेताना तर नाहीच. पण 'माहीत नाही' म्हणायची पद्धत आपल्याकडे नाही. "सारखे," मी ठोकून दिलं.

काका खुर्चीतून उठले. "सारखे? अहो, ते समांतरभुज चौकोनाचे! चक्रीय चौकोनाचे सारखे करायला गेलात तर प्रत्येक कोन नव्वदाचा होईल. जगातले सगळे चक्रीय चौकोन आयत होतील. चालेल तुम्हाला?"

मला चालणार होतं. पण त्यांनी माझ्या उत्तराची वाट न बघता पलीकडे काकडी खात उभ्या असलेल्या एका बाईंना हाक मारली. "अहो ताई, या इकडे. हे म्हणतात, सारखे!" ताई काकडीसकट आल्या. मागोमाग आणखी दोघं आले.

"गाडी धुवत नाही वाटतं?" काकांनी बॉनेटकडे पाहिलं. "बरंय. फळा तयार आहे."

वास्तविक ती धूळ माझी नव्हे. आमच्या गल्लीतला रस्ता दिवाळीपासून खोदलाय. आधी ड्रेनेजसाठी, मग केबलसाठी, मग बहुधा आधीचे दोन्ही नीट झालेत का ते बघण्यासाठी. रोज धुतली तरी संध्याकाळी पुन्हा तेच. पण हे सांगणार कुणाला? काकांनी थर्मासचं झाकण बॉनेटवर उपडं ठेवून कडेनं बोट फिरवलंसुद्धा. झकास वर्तुळ उमटलं. त्यावर ओळीनं चार बिंदू, ए, बी, सी, डी, आणि ते जोडून चौकोन. बोट जाड पडतंय म्हणून एक बाजू किल्लीच्या टोकानं.

"हा कोन डी. तो एबीसी कंसाकडे बघतोय. अंतर्लिखित कोन त्याच्या कंसाच्या निम्मा, हे आधीचं प्रमेय. समोरचा बी उरलेल्या कंसाकडे बघतोय. दोन्ही कंस मिळून किती?"

"अख्खं वर्तुळ," ताई म्हणाल्या.

"अंश?"

"३६०."

"निम्मे?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"१८०," मी पुटपुटलो.

"म्हणजे पूरक. सारखे नव्हेत. युक्लिडनं लिहून ठेवलंय, तिसऱ्या पुस्तकात, २२वं प्रमेय. सव्वादोन हजार वर्षं झाली. आपल्यापर्यंत अजून पोचायचंय."

सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे मला ते कळलं. शाळेत कधीच कळलं नव्हतं. तिथे पक्ष, साध्य, सिद्धता, डावीकडे विधान आणि उजवीकडे कंसात कारण, असं पाठ करायचं. भूमितीत कंस दोन, एक वर्तुळाचा आणि एक कारण कोंबायचा. मी दोन्हींत अडकलो. आता मुलीचं तरी वेगळं असेल म्हणावं, तर क्लासनं छापील सिद्धता दिल्यात आणि ती त्या अक्षरांसकट पाठ करते. आदल्या रात्री अकरा वाजता रडत होती, एबीसीडीच्या जागी पीक्यूआरएस आलं तर काय करू म्हणून. एवढ्या पैशांत निदान अक्षरं बदलली तरी चौकोन तोच राहतो, एवढं शिकवायला काय हरकत होती? मीही ते समजावू शकलो नाही, हे वेगळं.

पेपर सुटला. पोरं बाहेर आली.

"चक्रीय चौकोन आला होता?" मी आणि काका एकदम.

"आला ना. एबीसीडीच होता," मुलगी म्हणाली. "सिद्धता छापलेलीच होती, नुसत्या चौकटी भरायच्या होत्या."

"चौकटी?" काकांनी खुर्ची मिटली आणि नातवाकडे न बघताच चालू लागले. बॉनेट पुसायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

घरी येऊन पाणी मारलं. वर्तुळ गेलं, चौकोनाच्या तीन बाजू गेल्या. चौथी किल्लीची, ती राहिली.

"केवढी रेघ पडलीय बघ," मी म्हटलं.

"बाबा, वर्तुळावरचे दोन बिंदू जोडते ती रेघ नाही, जीवा," मुलगी म्हणाली.

काल गॅरेजमध्ये दाखवली. तो म्हणाला, अख्खं बॉनेट रंगवावं लागेल. का, म्हणून विचारलं. कारण काही दिलं नाही.