गोळी थांबवायची की नाही

‘पाच वर्षं गोळ्या पूर्ण झाल्याशिवाय बाळाचा विचारच नको,’ असं स्तनाच्या कॅन्सरनंतरच्या हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांबद्दलच्या तुमच्या लेखात सरसकट लिहिलंय. कृपया असं लिहू नका. माझ्या धाकट्या जावेला ३३व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर निघाला, हार्मोन-पॉझिटिव्ह (म्हणजे शरीरातल्या हार्मोन्सवर वाढणारा), पहिल्या टप्प्यातला. केमोआधी अंडबीजं गोठवून ठेवता येतात हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलंसुद्धा नाही. त्याचं फार वाईट वाटतं.

२०२३मध्ये ‘पॉझिटिव्ह’ नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. असाच कॅन्सर झालेल्या, ४२ वर्षांपर्यंतच्या ५१६ जणींनी दीड ते अडीच वर्षं हार्मोन रोखणारं औषध घेतलं आणि मग बाळासाठी ते दोन वर्षांपर्यंत थांबवलं. तीन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण ८.९ टक्के, तुलनेसाठी घेतलेल्या, औषध न थांबवलेल्या गटात ९.२. म्हणजे जवळजवळ तेवढंच. पण हा हिशेब तीनच वर्षांचा, आणि या प्रकारचा कॅन्सर दहा वर्षांनीही डोकं वर काढतो. त्यामुळे गोळी थांबवायची जावेची भीती काही खोटी नव्हती.

दोन वर्षं गोळ्या झाल्यावर तिनं डॉक्टरांशी बोलून टॅमॉक्सिफेन, म्हणजे हीच हार्मोन रोखणारी गोळी, थांबवलं. औषध अंगातून जायला आधी तीन महिने थांबायचं होतं. उरलेलं पाकीट फ्रिजवर होतं. रोज सकाळी चहा गाळताना तिची नजर तिकडे जायची. सासूबाईंनी एकदाही ‘कधी’ म्हणून विचारलं नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं.

लेक आता सात महिन्यांची आहे. निरोगी बाजूनं दूध पाजलं. गेल्या सोमवारपासून गोळी पुन्हा सुरू झालीय.