‘कॅप्चा लावा आणि मोकळे व्हा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

वेबसाइटवरच्या फॉर्ममधून येणारा स्पॅम रोखण्याबद्दल मी लेख लिहिला होता. हनीपॉट (माणसाला न दिसणारा रकाना, तो भरला गेला की पाठवणारा बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरणारा प्रोग्राम, समजायचा) म्हणजे ‘पोरखेळ’, ‘कॅप्चा (समोर माणूस आहे की बॉट हे तपासणारी चाचणी) लावा आणि मोकळे व्हा’, आणि लेखकाने ‘खरी साइट कधी चालवलेली दिसत नाही’, असं तुम्ही त्यावर लिहिलंत. मतभेद जरूर असावेत. पण पोरखेळ का, हे एका ओळीतही न सांगता शेरा मारून पुढे जाणं याला चर्चा म्हणत नाहीत. अनुभवाचं म्हणाल, तर फॉर्ममागचा सर्व्हर-कोड लिहिणं हाच माझा व्यवसाय आहे आणि स्पॅम वाढला की लॉग (सर्व्हरने ठेवलेल्या नोंदी) मलाच वाचावे लागतात. समोरच्याची लायकी काढण्याआधी एवढं विचारता आलं असतं.

आता ते ‘मोकळे व्हा’. पानावर ‘मी रोबो नाही’ची चौकट दिसली म्हणजे फॉर्मला कुलूप लागलं असं होत नाही. साधा बॉट तुमचं पान उघडतच नाही. फॉर्म ज्या पत्त्यावर जातो तो पत्ता उचलतो आणि थेट पोस्ट विनंती (फॉर्मची माहिती सर्व्हरला पाठवणारी विनंती) धाडतो. चौकट, जावास्क्रिप्ट, यातलं काहीच त्याच्या वाटेत येत नाही. त्याला अडवायचं काम सर्व्हरचं: आलेलं टोकन (कॅप्चा सुटल्यावर ब्राउझरला मिळणारा सांकेतिक मजकूर) सीक्रेट कीसह (फक्त सर्व्हरला ठाऊक असलेली किल्ली) कॅप्चाच्या पडताळणी सेवेकडे पाठवायचं आणि होकार आला तरच निरोप स्वीकारायचा. टोकन नसेल तर तिथेच नकार.

त्यातही रीकॅप्चाचं (गूगलची कॅप्चा सेवा) टोकन दोनच मिनिटं टिकतं आणि एकदाच चालतं. टर्नस्टाइलचं (क्लाउडफ्लेअरची तशीच सेवा) पाच मिनिटं, तेही एकदाच. रीकॅप्चाची तिसरी आवृत्ती, व्ही३, वापरणारे बरेचजण पान उघडताक्षणी टोकन मागवून ठेवतात. माणूस सावकाश चार परिच्छेद लिहून ‘पाठवा’ दाबतो तोवर ते मेलेलं असतं. म्हणून टोकन बटण दाबल्यावरच मागवायचं. दुसरा घोळ क्रमाचा. सर्व्हरने आधी टोकन तपासलं आणि मग फोन नंबर चुकीचा म्हणून फॉर्म परत पाठवला, तर नंबर सुधारून आलेल्या माणसाकडे वापरलेलंच टोकन असतं. तो कितीही वेळा दाबो, नकारच. म्हणून बाकीचे रकाने आधी तपासायचे, टोकन शेवटी, आणि फॉर्म परत पाठवताना चौकट रीसेट करायची.

व्ही३ तर कोणाला अडवतही नाही, ० ते १ मधला गुण देते (१ म्हणजे बहुधा माणूस, ० म्हणजे बहुधा बॉट). ०.५च्या खाली सरसकट नकार दिलात तर खरी माणसंही जातील. असे निरोप वेगळ्या रांगेत ठेवून नजरेखालून घालावेत. आणि चित्रातले सिग्नल ओळखायला लावता तेव्हा अंध वाचकाचं काय? पैसे घेऊन कोडी सोडवून देणाऱ्या सेवा आहेतच, त्यामुळे चिकाटीचा स्पॅमर आत येतो आणि हा अंध वाचक बाहेर राहू शकतो. हे मला मान्य नाही. म्हणूनच लेखात हनीपॉट आधी आणि कॅप्चा नंतर आहे.

तुमची एक सूचना योग्य आहे. पान कॅश होत असेल (एकदा बनवलेली प्रत साठवून सगळ्यांना दिली जात असेल) तर फॉर्ममधला वेळेचा शिक्का (फॉर्म कधी तयार झाला ती वेळ) जुनाच राहतो आणि ‘तीन सेकंदांच्या आत आलेला फॉर्म नाकारा’ ही अट कुणालाच अडवत नाही. अशा वेळी तो शिक्का सर्व्हरकडून वेगळ्या विनंतीने आणावा. लेखात ते वाक्य घालतो. हेडलेस ब्राउझर (पडद्यावर न दिसता प्रोग्रामने चालवलेला ब्राउझर), बदलते आयपी पत्ते वगैरे तुमचं बाकीचं लेखाच्या विषयात बसत नाही, त्यावर वाद घालायची माझी तयारी नाही.

हनीपॉटचा रकाना ‘वेबसाइट’ किंवा ‘कंपनी’ नावाने ठेवला तर ब्राउझरचं ऑटोफिल (साठवलेली माहिती आपोआप भरणारी सोय) तो भरू शकतं आणि खरा ग्राहक स्पॅम ठरतो. तुमच्याकडे हनीपॉट फसला असेल तर आधी हे बघा. नाव निरर्थक ठेवा, ऑटोकम्प्लीट बंद करा, टॅबइंडेक्स उणे १ द्या (म्हणजे टॅब दाबून त्यावर जाता येणार नाही) आणि स्क्रीन रीडरपासूनही (अंधांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लपवा.

आणि कॅप्चावर इतका भरवसा असेल तर कर्लने (ब्राउझरशिवाय विनंती पाठवणारं कमांड-लाइन साधन) तुमच्याच फॉर्मच्या पत्त्यावर टोकनशिवाय एक विनंती पाठवा. निरोप इनबॉक्समध्ये आला, तर सर्व्हरवर पडताळणी होतच नाहीये. पानावरच्या जावास्क्रिप्टमध्ये शोधत बसू नका, फॉर्म स्वीकारणारी फाइल उघडा.