राखेत स्फुरद आहे, पण झाडाला मिळतं का?

सांगलीकर काका,

तुमचं म्हणणं असं की चितेच्या रक्षेत हाडांचं स्फुरद (फॉस्फरस) असतं, तुमच्या गावात ती नदीत न सोडता आंब्याच्या खड्ड्यात घालतात, झाडं जोमात आहेत, आणि मी गॅसदाहिनीवरच्या लेखात ‘रक्षा म्हणजे खत नव्हे’ असं लिहून चांगली प्रथा मोडायला निघालोय. प्रथा मला मोडायची नाहीच. नदीपेक्षा खड्डा कधीही बरा. माझं भांडण फक्त खताच्या दाव्याशी आहे.

स्फुरद असतं, भरपूर असतं. ८००-९०० अंशांत मांस, चरबी, हाडातलं कोलॅजन जळून जातं आणि नत्र (नायट्रोजन) धुराबरोबर निघून जातं. उरतं ते मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट, थोडा चुना आणि सोडियम-पोटॅशियमचे क्षार. हे फॉस्फेट साध्या पाण्यात जवळपास विरघळत नाही, त्याला आम्ल लागतं. जॉन बेनेट लॉज यांनी १८४२ साली इंग्लंडमध्ये सुपर फॉस्फेट या खताचं पेटंट घेतलं ते याच अडचणीवर तोडगा म्हणून: हाडांवर, खनिज फॉस्फेटवर सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत थोडंफार सुटेलही. तुमच्याकडच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीचा सामू (पीएच, आम्ल-अल्कतेचं माप) आधीच ८ च्या आसपास. तिथे ते वर्षानुवर्षं पडून राहणार. तुम्ही दिलेला बोनमीलचा, म्हणजे हाडांच्या चुऱ्याच्या खताचा, दाखला इथे लागू पडत नाही. त्यात नत्र शिल्लक असतं, आणि ते असं भाजलेलं नसतं. भाजल्यावर हाडाचे स्फटिक मोठे आणि घट्ट होतात.

मग आंबा वाढला कसा? सरणाला ३००-४०० किलो लाकूड लागतं, वर शेणी, आणि शेणीची राख तर ढिगाने पडते. अस्थी सावडल्यावर खड्ड्यात जाते ती बहुतेक हीच राख, पालाशवाली (पोटॅशियमची). शिवाय आजोबांच्या नावाचं झाड म्हटल्यावर खड्डा खोल खणला जातो, शेणखत पडतं, उन्हाळ्यात पाणी चुकत नाही. (वनमहोत्सवातल्या रोपांना हे भाग्य कुठलं!)

गॅसदाहिनीचं गणित वेगळं, आणि माझा लेख त्यावरच होता. तिथे लाकडाची राख नसते. हाती येतात त्या दोन-तीन किलो अस्थी, क्षारांनी भरलेल्या, सामू ११ च्या आसपास. त्या कोवळ्या रोपाच्या बुंध्याशी एकदम ओतल्या तर रोप करपू शकतं. ओंजळभरच घ्या, खड्ड्याच्या सगळ्या मातीत शेणखतासह कालवा आणि बाकीच्या शेतभर पातळ पसरा.