आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली

गेल्या रविवारी किल्ल्या दिल्या. पुण्यात कोथरूडमधली आमची तीन मजली इमारत, १९८४ चं बांधकाम, अठरा फ्लॅट, लिफ्ट नाही. आई-बाबांच्या ५६० चौरस फुटांचे तीन वर्षांनी ७६० होतील, शिवाय पार्किंग, शिवाय कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम. तोवरचं भाडं बिल्डर देणार. बाबा आता पंचाहत्तरीचे आहेत, दुसरा मजला चढताना दोनदा थांबतात. फ्लॅटवर माझंही नाव आहे, त्यामुळे संमतीपत्रावर मीही सही केली, आणि त्या सहीचा मला पश्चात्ताप नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं मी जुन्या दिवसांच्या आठवणीने गहिवरून लिहीत नाहीये. मला लिहायचंय ते आमच्या जिन्याखालच्या इस्त्रीवाल्या मामांबद्दल.

मामा १९९३ पासून तिथे. लाकडी टेबल, त्यावर घडी घातलेली जाड चादर, कोळशाची इस्त्री. सोसायटीला दरमहा पैसे द्यायचे, पावती कधी कुणी फाडली नाही. माझ्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीची साडी त्यांनी इस्त्री केली होती आणि माझ्या मुलाचा शाळेचा गणवेशही. निम्म्या घरांच्या किल्ल्या त्यांच्याकडे असत. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी दहा वाजले तरी दुधाची पिशवी आत घेतली नाही, हे त्यांच्याच लक्षात आलं, म्हणून आजी वेळेत दवाखान्यात पोचल्या. ज्या सोसायट्या सीसीटीव्हीवर लाखो रुपये खर्च करतात, त्यांना हे कुठल्या खात्यात मांडावं ते कळत नाही.

विकसन करारनामा मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. त्यात स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या दगडाची जाडी आहे. गिझरचे पॉइंट किती ते आहे. आवारातल्या गणपतीच्या देवळीला नव्या नकाशात जागा आहे, आणि ती हवीच होती. तीस वर्षं जिन्याखाली उभ्या राहिलेल्या माणसाचा मात्र एका ओळीतही उल्लेख नाही. यात कुणाचा दुष्टपणा होता असं मी म्हणणार नाही. कमिटीतली माणसं भली आहेत. पण या सगळ्या प्रक्रियेत माणूस म्हणजे 'सभासद', आणि सभासद म्हणजे शेअर सर्टिफिकेट. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खाली सभा होते, तिचं चित्रीकरण होतं, निबंधक कार्यालयाचा माणूस येऊन बसतो, ५१ टक्के संमती मोजली जाते. मोजणी चोख असते, फक्त मोजायचं कुणाला हे आधीच ठरलेलं असतं.

इंग्रजीत याला जेंट्रिफिकेशन म्हणतात. रूथ ग्लास नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ मध्ये लंडनबद्दल लिहिताना हा शब्द घडवला. कामगारांच्या मोहल्ल्यांत मध्यमवर्ग येऊन घरं घेऊ लागला, घरं सुधारली, किमती वाढल्या आणि मूळचे लोक निघून गेले, असं त्यांनी पाहिलं. आपल्याकडे त्याला शब्द नाही. आपण म्हणतो, "एरिया पॉश झाला." आणि ते आनंदाने म्हणतो, कारण आपल्या फ्लॅटचा भाव वाढलेला असतो.

कोथरूड याआधीही एकदा असंच बदललंय, हे मला बाबांमुळे माहीत आहे. बाबा नारायण पेठेतल्या वाड्यात भाडेकरू कुटुंबात वाढले. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. वाड्याची मागची भिंत गेली, खोल्या कशाबशा उभ्या राहिल्या. पेठांमधली किती कुटुंबं त्यानंतर नदीपलीकडे सरकली! आम्ही उशिरा आलो, १९८४ मध्ये. म्हातोबाच्या टेकडीच्या बाजूला तेव्हा शेतं होती. ज्यांची ती शेतं होती, त्यातल्या काहींना पैसे मिळाले, आणि त्यांच्या शेतात मजुरी करणाऱ्यांचं काय झालं हे आमच्या घरात कुणीच कधी विचारलं नाही. आम्हीही त्या वेळचे 'नवे लोक' होतो.

वाड्यांचे गोडवे गायला मला जमत नाही. चौदा बिऱ्हाडांना दोन संडास होते, आई आजही ते सांगताना तोंड वाकडं करते. आणि मालकांचीही कोंडी होतीच. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, महिन्याच्या पंधरा-वीस रुपयांत कौलं शाकारणार कशी? वाडे पडले यात नवल नाही. पण एक गोष्ट त्या कायद्याने केली होती: वाडा पाडायचा तर मालकाला भाडेकरूशी बोलावं लागायचं. त्याला नव्या इमारतीत जागा नाहीतर पैसे द्यावे लागायचे. आज आमच्या अठरा फ्लॅटपैकी पाच भाड्याने दिलेले होते. एकात दोन नर्स, एकात बँकेतला मुलगा आणि त्याची आई, एकात गेली नऊ वर्षं राहणारं लातूरचं कुटुंब. सगळ्यांचे अकरा महिन्यांचे करार. मालक अमेरिकेत किंवा बंगळुरूला. बिल्डरकडून भाडं मिळतं ते मालकाला, जो तिथे राहतच नाही. जे राहत होते त्यांना महिन्याची नोटीस. नऊ वर्षं हळदीकुंकवाला येणाऱ्या ताईंना आम्ही निरोपाला साडी दिली. एवढंच आमच्या हातात होतं, असं तेव्हा वाटलं.

आता भाड्याचं गणित बघा. मेट्रोच्या वनाज ते गरवारे कॉलेज मार्गाचं उद्घाटन ६ मार्च २०२२ ला झालं. स्थानकापासून ५०० मीटरच्या आतल्या भूखंडांना अधिमूल्य भरून चारपर्यंत एफएसआय मिळू शकतो, म्हणजे भूखंडाच्या चौपट क्षेत्रफळापर्यंत बांधकाम. आमची इमारत आयडियल कॉलनी स्थानकापासून सहा मिनिटांवर. साहजिकच गल्लीतल्या चार सोसायट्या जवळजवळ एकाच वेळी रिडेव्हलपमेंटला गेल्या. म्हणजे पन्नास-साठ कुटुंबं एकदम भाड्याचं घर शोधायला निघाली, मुलांची शाळा आणि आई-वडिलांचा डॉक्टर सोडायचा नाही म्हणून इथल्या इथेच, आणि भाडं बिल्डर देणार म्हणून घासाघीस न करता. घरमालकांनी दर वाढवले. ज्याला स्वतःच्या पगारातून भाडं भरायचंय तो आपोआप बाहेर. त्या दोन नर्स आता नऱ्ह्याला राहतात. रात्रपाळी संपवून पहाटे कर्वे रस्त्यावरून चालत घरी येणाऱ्या मुली होत्या त्या.

आमच्या पोळीवाल्या मावशी सुतारदऱ्याच्या चढावरच्या वस्तीत राहायच्या, भाड्याच्या खोलीत. वस्तीत खोलीचं भाडंही याच वाऱ्याने वाढलं. त्या उत्तमनगरच्या पुढे गेल्या. आधी चालत पंधरा मिनिटांत यायच्या, आता पीएमपीच्या बसने. जून २०२५ मध्ये मासिक पास ९०० वरून १,५०० रुपयांवर गेला, म्हणजे एका घराच्या पोळ्यांच्या पैशांतला मोठा घास बसभाड्यातच जातो. वस्तीत एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजना, आली तरी भाड्याच्या खोलीत राहणारीला तिथे घर मिळेलच असं नाही, पात्रता कागदपत्रांवर ठरते. इथेही कागद. ज्या पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप करून संघटना उभी केली, त्या पुण्यात आज बाई कामाला येते, आणि तिला शहरात परवडेल अशी खोलीच उरत नाही.

कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातले कुंभार मुंढव्याजवळ केशवनगरला गेले, भट्ट्यांना तिथे मोकळी जागा होती. आता केशवनगरलाच टॉवर उभे आहेत आणि नव्या रहिवाशांना भट्टीचा धूर नकोय. मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनी जमीन विकून टाकण्याऐवजी एकत्र येऊन स्वतःच भागीदार म्हणून वसाहत उभी केली, त्याचं मला मनापासून कौतुक आहे. पण तिथेही वाटा जमीन नावावर असलेल्यांचा.

मामांचा विषय मी सर्वसाधारण सभेत काढला. एक जण म्हणाले, नव्या इमारतीत सिक्युरिटी असेल, बाहेरचा माणूस कसा चालेल? 'बाहेरचा' हा शब्द ऐकून मी थोडा वेळ बोलूच शकले नाही. मग पहिल्या मजल्यावरच्या आजी उठल्या, काठी टेकत, आणि त्या दुधाच्या पिशवीची गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली. ठराव झाला. वॉचमनच्या केबिनशेजारी सहा बाय आठची जागा, विजेचा पॉइंट, मामांना किंवा त्यांच्या मुलाला नाममात्र भाड्याने. अठरापैकी अकरा हात वर झाले.

पण तोवर करारनामा नोंदवून झाला होता. बिल्डरच्या वकिलांनी नम्रपणे सांगितलं की ठराव ही सोसायटीची अंतर्गत बाब, ते बांधील नाहीत, पुढे नकाशा सुधारताना 'बघू'. म्हणजे मामांच्या हातात आज एक झेरॉक्स आहे. मधल्या तीन वर्षांचं भाडं त्यांना कुणी देणार नाही. आम्ही अकरा घरांनी मिळून दरमहा काही रक्कम द्यायचं ठरवलंय, पहिला महिना दिला, मामांनी ती घ्यायला तीन दिवस लावले. सध्या ते गल्लीच्या तोंडाशी हातगाडीवर उभे आहेत, पावसाळ्यात कुठे उभे राहणार ते ठरलेलं नाही.

ज्यांच्या सोसायट्या अजून टेंडरच्या टप्प्यावर आहेत त्यांच्यासाठी हे लिहिलं. आपल्या आवारात कोण कोण काम करतं, किती वर्षं, कुठल्या कोपऱ्यात, याची यादी प्रस्ताव मागवण्याआधी करा आणि ती टेंडरच्या अटींतच घाला. भाडेकरूंना शाळेचं वर्ष संपेपर्यंत मुदत आणि सामान हलवायचा खर्च हेही तेव्हाच लिहून घ्या. त्या वेळी बिल्डरला तुमची सही हवी असते, तो ऐकतो. करार नोंदवल्यावर ऐकत नाही, हे आम्ही अनुभवलंय.

आमच्या ठरावाचा मसुदा माझ्याकडे टाइप केलेला आहे. हवा असेल त्यांनी मेसेज करा, पाठवते.