जी फिल्म निघणार नाही, ती अंथरू नका : मल्चिंगवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

भाजीपाल्यातल्या प्लॅस्टिक मल्चिंगवरचा, म्हणजे वाफ्यांवर आच्छादन म्हणून प्लॅस्टिकची फिल्म अंथरण्यावरचा, माझा लेख वाचून तुम्ही सविस्तर आणि कडक प्रतिक्रिया दिलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : जमिनीच्या आरोग्यावर लिहिणाऱ्याने जमिनीवर प्लॅस्टिक अंथरायला सांगणं पटत नाही. त्याखाली जमीन गुदमरते. पाचट-पेंढा असताना प्लॅस्टिकची गरजच काय? आणि वापरायचंच तर मातीत कुजणारी फिल्म का नको? शेवटी तुम्ही विचारलंत की मातीत आधीच गेलेल्या फिल्मच्या तुकड्यांचं काय करायचं. यातलं बरंचसं मला मान्य आहे, पण सगळं नाही.

आधी गुदमरण्याबद्दल. रोपांसाठी पाडलेली भोकं आणि दोन गादीवाफ्यांमधली उघडी सरी यांतून हवेची ये-जा चालू असते. फिल्मखालची माती पावसाच्या माराने दबत नाही, पायाखालीही येत नाही, त्यामुळे हंगाम संपतानाही ती भुसभुशीत सापडते. मुळं गुदमरतात ती जास्तीच्या पाण्याने. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या १९९८च्या मार्गदर्शिकेनुसार प्लॅस्टिक आच्छादनामुळे मातीतून होणारं बाष्पीभवन ५० ते ८० टक्के कमी होतं. झाडाचं स्वतःचं पाणी पिणं थोडं वाढतं, तरी पिकाची एकूण गरज सरासरी १० ते ३० टक्क्यांनी घटते. आता ठिबक पूर्वीइतकाच वेळ चालू ठेवला तर काळ्या, भारी जमिनीत काय होणार? मुळं कुजतात, रोपं मरतात आणि दोष फिल्मवर जातो. आठवड्यातून एकदा फिल्मची कड उचलून माती मुठीत दाबून बघावी आणि मगच पाणी सोडावं.

पाचटाच्या बाबतीत आपण दोघं बरेच जवळ आहोत. फळबागेत, बहुवर्षायू पिकांत आणि ऐन उन्हाळ्यात मी पाचटच निवडेन. काळी फिल्म उन्हात इतकी तापते की कोवळं खोड तिला टेकलं तर भाजतं. पेंढ्याखाली जमीन थंड राहते आणि तो कुजून मातीला काहीतरी देऊन जातो. प्लॅस्टिक मातीला काहीच देत नाही. उलट उबदार, ओलसर मातीत सेंद्रिय पदार्थ जास्त वेगाने कुजतात, म्हणून फिल्म वापरणाऱ्याने शेणखत किंवा हिरवळीचं खत वाढवलं नाही, तर सेंद्रिय कर्ब घसरत जातो. पावसाचा मुद्दा तर तुम्ही मांडलाही नाहीत, तो मीच जोडतो. अमेरिकेत बेल्ट्सव्हिल इथल्या सरकारी कृषी संशोधकांनी टोमॅटोत प्लॅस्टिक आणि वनस्पतींचं आच्छादन शेजारी-शेजारी ठेवून पाहिलं. प्लॅस्टिकच्या वाफ्यांतून दोन ते चार पट पाणी आणि किमान तिप्पट माती वाहून गेली. थेंब फिल्मवर पडतो, सरीत घसरतो आणि सरीतली उघडी माती घेऊन बाहेर पडतो. त्यामुळे पावसाळ्यात फिल्म वापरणार असाल तर सरीत पेंढा किंवा जिवंत गवत हवंच. उताराच्या शेतात तर याला पर्याय नाही.

मग फिल्म सुचवतो तरी कशाला? थंडीत लवकर लावायच्या पिकाला उबदार माती लागते आणि पेंढा नेमका तीच थंड ठेवतो. एका बाजूने चंदेरी असलेली फिल्म घेऊन ती बाजू वर ठेवली तर परावर्तित उजेडामुळे मावा, पांढरी माशी, फुलकिडे रोपावर कमी उतरतात. रोप लहान असताना त्यांनी आणलेला विषाणू पुढे कुठल्याही फवारणीने जात नाही, म्हणून हे पहिले काही आठवडे फार मोलाचे असतात. तणाचा बंदोबस्त होतो, तणनाशक लागत नाही. फक्त लव्हाळ्यापुढे फिल्म टिकत नाही, त्याचे कोंब ती आरपार भोसकतात. लव्हाळा माजलेल्या शेतात आधी त्याचा बंदोबस्त करावा.

आता खरा मुद्दा. फिल्म चांगली की वाईट हे ती अंथरताना ठरत नाही, काढताना ठरतं. एक हेक्टर घ्या. गादीवाफ्यांमुळे साधारण ६० टक्के जमीन, म्हणजे ६,००० चौरस मीटर, झाकली जाईल. २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीची फिल्म लावली तर अंदाजे १३८ किलो प्लॅस्टिक लागतं, ८ मायक्रॉनची लावली तर ४४ किलो. पातळ फिल्ममध्ये प्लॅस्टिक कमी, म्हणून ती मातीला कमी घातक, असं कुणालाही वाटेल. घडतं उलटं. जाड फिल्म अखंड गुंडाळून बाहेर काढता येते. ८ मायक्रॉनची फिल्म उन्हाने ठिसूळ होते, हात लावताच फाटते आणि तिच्या कडा मातीत गाडलेल्याच राहतात. दर हंगामात यातली निम्मी जरी मातीत राहिली, तरी पाच हंगामांत हेक्टरी १०० किलोच्या वर जाते.

हे १०० किलो म्हणजे किती नुकसान? जगभरच्या प्रयोगांचा एक मोठा आढावा २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फिल्ममुळे त्याच हंगामात सरासरी २५ ते ४२ टक्के उत्पादनवाढ दिसली, आणि मातीत साचलेल्या दर १०० किलो अवशेषांमागे सुमारे ३ टक्के घट. मुळांचं वजन तर ५ टक्क्यांच्या आसपास घटलं. फायदा लगेच पदरात पडतो, तोटा वर्षानुवर्षं चोरपावलांनी साचतो. म्हणून शेतकऱ्याला तो दिसत नाही आणि त्याला दोष देणंही बरोबर नाही. चीनने हे सगळं भोगलं आहे. तिथे १९९२च्या मानकाने ८ मायक्रॉनची फिल्म चालवून घेतली, प्रत्यक्षात त्याहूनही पातळ विकली गेली, आणि शिनजियांग प्रांतातल्या कापसाच्या शेतांत तुकड्यांचे थर साचले. २०१७च्या मानकाने किमान जाडी १० मायक्रॉन केली. माझ्या मते तीही पुरेशी नाही. एका हंगामासाठी २५ मायक्रॉनच्या खाली जाऊ नये.

जाडीइतकंच महत्त्व काढण्याच्या वेळेला. पीक संपलं की फिल्म लगेच काढायची, ती तशीच पडू द्यायची नाही, कारण भोकांतून वाढलेलं तण ती फाडत जातं. झाडं बुंध्याशी कापा, ठिबकच्या नळ्या गोळा करा, वाफशावर दोन्ही कडांची माती मोकळी करा आणि मग गुंडाळा. ओल्या चिखलात ओढलेली फिल्म माती घेऊन येते. काढलेल्या फिल्मच्या वजनात निम्म्याहून जास्त माती आणि काडीकचरा असू शकतो, आणि असा माल पुनर्वापरासाठी कुणी घेत नाही. म्हणून झटकून, वाळवून, वेगळी बांधून ठेवा. जाळू तर मुळीच नका. तो धूर आधी घरच्यांच्या छातीत जातो.

कुजणाऱ्या फिल्मबद्दल तुमचा आग्रह योग्य आहे, फक्त नावं नीट वाचायला हवीत. ‘ऑक्सो-विघटनशील’ म्हणून मिळणारी फिल्म साध्या प्लॅस्टिकमध्ये रसायन घालून केलेली असते. ती कुजत नाही, तिचा चुरा होतो आणि तो उचलताही येत नाही. युरोपीय संघाने असल्या वस्तूंवर २०२१पासून बंदी घातली आहे. खरी जैवविघटनशील फिल्म वेगळी. ईएन १७०३३ या २०१८च्या युरोपीय मानकात तिला प्रयोगशाळेतल्या मातीत दोन वर्षांच्या आत ९० टक्के विघटन दाखवावं लागतं. कोरड्या किंवा थंड शेतात याहून जास्त वेळ लागतो, आणि ती नांगरून मातीत मिसळावी लागते, वर पडून राहिली तर वाऱ्याने उडते. कमी मुदतीच्या पिकाला, हे मानक छापलेली फिल्म मिळत असेल, तर मी तीच घ्यायला सांगेन.

आता आधीच साचलेले तुकडे. अशा शेतात रोटाव्हेटर घालू नका, एका तुकड्याचे पन्नास होतात. नांगरटीनंतर दातेरी अवजार उथळ फिरवा, वर आलेले तुकडे वेचा, पहिल्या पावसानंतर पुन्हा वेचा, कारण माती धुपली की उरलेले उघडे पडतात. बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे हाताने निघणार नाहीत आणि सूक्ष्म कण तर कशानेच नाहीत. तुमची काळजी याच कणांबद्दल आहे आणि ती माझीही आहे. त्या शेतात पुढचे काही हंगाम फिल्म लागणार नाही अशी दाट पेरणीची पिकं घ्या, पेंढा तिथेच राहू द्या, आणि दर नांगरटीला वेचणी चालू ठेवा.