नॅसला व्हायरस शिवत नाही म्हणे!

मावशीने काल एक फॉरवर्ड पाठवला. खाली तिची ओळ: "काकांनी सगळे फोटो नॅसवर हलवले, आता पीसीतले पुसतायत." नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी, घरातले सगळे तिच्यावर फायली ठेवतात. काकांना फोन करून आधी थांबवलं, मग हे लिहायला बसलो.

मेसेजचं म्हणणं असं: नॅस लिनक्सवर (विंडोजहून वेगळ्या प्रणालीवर) चालतो, त्यामुळे विंडोजचा व्हायरस त्याला शिवत नाही. म्हणून फायली तिथे टाका, बॅकअपची कटकट विसरा. भीती वाटली तर मॅप केलेलं ड्राइव्हचं अक्षर (पीसीत नॅसला दिलेलं Z: सारखं अक्षर) काढा. नॅस दिसत नसेल तर एसएमबी १ (पीसी आणि नॅस ज्या भाषेत बोलतात तिची जुनी आवृत्ती) चालू करा.

लिनक्सचं अर्धं खरं आहे, कबूल. विंडोजची .exe फाइल नॅसवर चालणार नाही. पण तिला तिथे चालायचंच कुठे असतं? रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, चालतं तुमच्या पीसीवर, तुमच्या लॉगिनने. ते फाइल उघडतं, कुलूपबंद करतं आणि त्याच जागी परत लिहितं. नॅसच्या लेखी हे तुम्हीच करताय. तुम्हाला लिहायची परवानगी आहे, मग तो का अडवेल? आणि थेट नॅसवरचे हल्लेही झालेत. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघड्या असलेल्या, क्यूनॅप कंपनीच्या नॅसमधल्या फायली पासवर्ड लावलेल्या ७-झिप फायलींमध्ये कोंबल्या. तिथे विंडोजचा संबंधच नव्हता.

ड्राइव्हचं अक्षर काढून काही होत नाही. २०१६ चं लॉकी हे रॅन्समवेअर मॅप न केलेले शेअरही (नेटवर्कवर खुली केलेली फोल्डर) शोधून काढायचं.

एसएमबी १ चा सल्ला मात्र संतापजनक आहे. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हे रॅन्समवेअर पसरलं ते एसएमबी १ मधल्याच भोकातून. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती, एमएस१७-०१०, दोन महिने आधी आलेली होती. त्याच वर्षाच्या अखेरीपासून मायक्रोसॉफ्टने नव्याने बसवलेल्या विंडोज १० मधून एसएमबी १ काढायला सुरुवात केली. ते मुद्दाम चालू करायला सांगणाऱ्याला काय म्हणावं! नॅस फक्त तेवढंच बोलत असेल तर त्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, नाहीतर नॅस बदला.

काकांना मी सांगितलं ते असं. नॅसवर दोन खाती करा. रोजच्या खात्याला फक्त वाचायची परवानगी. फोटो टाकायचे तेव्हाच दुसऱ्या खात्याने जा, त्याचा पासवर्ड पीसीत साठवू नका. विंडोज एकाच नॅसला एका वेळी दोन नावांनी जोडू देत नाही, म्हणून आधीची जोडणी तोडावी लागते. वैताग आहे, पण तो सोसा. नॅसमध्ये स्नॅपशॉटची (फायलींची आधीची अवस्था जपून ठेवण्याची) सोय असेल तर चालू करा आणि ॲडमिनचा पासवर्ड ब्राउझरमध्ये ठेवू नका, नाहीतर स्नॅपशॉटही जातील. शिवाय एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, आणि कॉपी झाली की ती डिस्क काढून कपाटात.

काकांनी रिसायकल बिन अजून रिकामी केली नव्हती, हे नशीब. फोटो परत आणलेत. डिस्कवर कॉपी चालू आहे, निम्मी झालीय.